मसन खिडकीजवळ पाहुण्यांना काय सांगायचं? (चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, परकोटाची पायी फेरी)

कोलाऱ्याचा_गाईड

नमस्कार मंडळी. मी ताडोबाच्या कोलारा गेटवर गाईड आहे, बारा वर्षं झाली. १ जुलै ते ३० सप्टेंबर कोर, म्हणजे आतलं जंगल, बंद राहते. बफरमध्ये, म्हणजे भोवतालच्या जंगलात, फेरी मिळाली तर मिळाली, नाहीतर घरच्या दोन एकरांत धानाची रोवणी. मागच्या पावसाळ्यात एका रिसॉर्टच्या मॅनेजरने डोक्यात किडा सोडला. म्हणे, पाहुण्यांना वाघ दिसला नाही की तोंड पाडून बसतात, त्यांना एक दिवस चांद्याला नेत जा, जुना परकोट पायी फिरव. मला काय, जिप्सीत उभं राहून बोलायची सवय आहेच. इको-प्रो संस्थेच्या पोरांसोबत दोनदा फिरलो. त्यांनी २०१७ पासून झुडपं तोडून, कचरा उपसून तो तट चालण्यासारखा केला, नाहीतर वर पाय ठेवायची सोय नव्हती. चार पुस्तकं वाचली आणि सुरू केलं.

नऊ फेऱ्या झाल्या. सकाळी साडेपाचला जटपुरा गेटवर जमायचं. सहाच्या आत गेट पाहून घ्यायचा, कारण नंतर कमानीवरचा सिंह पाहायला मान वर केली की मागून ट्रॅक्टरवाला हॉर्न मारते. मग ऑटोने बिनबा, पठाणपुरा, आणि शेवटी अचलेश्वरला गोंडराजांच्या समाध्या. अख्खा परकोट ११ किलोमीटरच्या आसपास भरते. तो एका दमात कोणी चालत नाही, मीही चालवत नाही.

आता अडचण अशी की पाहुण्यांना गोड इतिहास नको असते. एक साहेब तिसऱ्याच बुरुजावर म्हणाले, "दगड पुरे झाले, इथं मेलं कोण ते सांगा." बरं, चांद्यात त्याची कमी नाही. बीरशहा राजाचं सांगतात की जावयाने लेकीचा अपमान केला म्हणून त्याने लढाई करून जावयाचं मुंडकं महाकालीला वाहिलं, आणि पुढं दुसऱ्या लग्नाच्या धामधुमीत हिरामण नावाच्या त्याच्याच माणसाने त्याला मारलं. राणी हिराईने नवऱ्यासाठी बांधलेली समाधी तिथल्या सगळ्यांत मोठी. १७५१ मध्ये राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेलं, राजा नीळकंठशहा बल्लारपूरच्या किल्ल्यात कैद झाला. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या कर्नल ॲडम्सने तोफा लावून शहर घेतलं. मे महिना, चांद्याचं ऊन आणि त्यात तोफा, एवढं म्हटलं की पाहुणे आपोआप बाटली उघडतात. मग १८५७ ला बाबुराव शेडमाक्यांना फाशी, तुरुंगातला पिंपळ.

इथवर ठीक होतं. पण परकोटाला चार दरवाजांशिवाय पाच खिडक्या आहेत: चोर, विठोबा, हनुमान, बगड आणि मसन. खिडकी म्हणजे तटातलं लहान दार. मसन खिडकीतून मढं गावाबाहेर न्यायचे, म्हणून मसन. सहाव्या फेरीला तिथं पोचलो तेव्हा पाहुणे कंटाळले होते, पोट्टे मोबाईल पाहून राहिले होते. मी आवाज खाली आणला आणि म्हटलं, "रात्री इथून बाईच्या रडण्याचा आवाज येतो म्हणतात."

कोणी म्हणत नाही. मीच त्या घडीला तयार केलं. जंगलात चितळाचा कॉल आला की वाघ असो-नसो पाच मिनिटं गाडी बंद करून तोंडावर बोट ठेवतो ना, तशातलाच प्रकार.

दहा हातांवर एक म्हातारी उंबरठ्यावर बसून सुपात लाखोळीची डाळ निवडत होती. आमच्याकडे पाठ होती, मला वाटलं ऐकू येत नसेल. तिने सूप खाली ठेवलं, वळली आणि म्हणाली, "कोन रडते रे रातच्यानं? मीच रडली इथं. माहा बुढा याच खिडकीतून नेला. माही सासू नेली. चार महिन्याचं पोरगं नेलं. सांगू का तुह्या पाव्हन्याईले, कसा आवाज येते तं?"

कोणाला काही बोलता येईना. मागून एका पोरीने मोबाईल वर केला, व्हिडिओ घ्यायला. म्हातारीने पदर तोंडावर घेतला, सूप उचललं आणि आत गेली. दार लावलं नाही, ते मला जास्त लागलं.

तर मंडळी, विचारायचं असं की त्या खिडकीजवळ मी काय सांगू? गाळून टाकू? मॅनेजर म्हणते भुताचं वाढव, तेच विकते. आणि एकूणच, लोक जिथं राहून राहिले तिथं मेलेल्यांच्या गोष्टी कशा सांगायच्या? पुण्या-मुंबईकडे असे वॉक करणारे कोणी इथं असतील तर सांगा.

संत्रानगरीकर

भाऊ, जास्त मनावर घेऊ नका. फेरी रात्री ठेवा, हातात कंदील द्या, तुम्ही काळं घोंगडं पांघरा. माणशी पाचशे रुपये डोळे झाकून देतील. विदेशात हेच चालते. म्हातारीच्या घरापासून दूरची एखादी खिडकी पकडा, झालं. पाच आहेत ना?

परतवाड्याचा_पम्या

वरच्या भाऊंनी विदेशाचं काढलं म्हणून लिहितो. मी कंपनीच्या कामाने दीड वर्ष स्कॉटलंडमध्ये होतो. एडिनबर्गला असल्या फेऱ्यांचा बाजारच आहे. काळे झगे, खोट्या किंकाळ्या, सगळं. पहिली फेरी घेतली ती तशीच होती, आज त्यातलं एक वाक्य आठवत नाही.

दुसरी एका म्हाताऱ्या गाईडसोबत घेतली, ना झगा ना कंदील. बर्क आणि हेअरचं प्रकरण त्याने सांगितलं. १८२८ मध्ये या दोघांनी सोळा माणसं मारून त्यांची प्रेतं डॉ. नॉक्सला शवविच्छेदनाच्या वर्गासाठी विकली. वैद्यकीच्या शाळांना प्रेतं कमी पडत होती आणि ताज्या मढ्याला रोख पैसा मिळत होता, म्हणून हा धंदा निघाला. हेअर माफीचा साक्षीदार होऊन सुटला, बर्कला जानेवारी १८२९ मध्ये फाशी झाली आणि त्याचंही शवविच्छेदन केलं. सांगाडा अजून तिथल्या विद्यापीठात आहे. पण त्या गाईडने मारणाऱ्यांवर पाच मिनिटं घातली आणि मेलेल्यांवर अर्धा तास. जेमी विल्सन नावाचा एक भोळा पोरगा होता, रस्त्यावर सगळ्यांच्या ओळखीचा, अनवाणी फिरायचा. तो टेबलावर आला तेव्हा विद्यार्थ्यांनी त्याला ओळखलं म्हणतात. हे त्याने एका अगदी साध्या गल्लीत उभं राहून सांगितलं, शेजारी कचऱ्याचा डबा होता. मला अजून तो डबा आठवते.

आमच्याकडे गाविलगडाचंही तसंच. १५ डिसेंबर १८०३ ला इंग्रजांच्या वेलस्लीच्या फौजेने किल्ला घेतला, किल्लेदार बेनीसिंग लढून मेला. चिखलदऱ्याला येणारे लोक तिथं सेल्फी काढतात आणि भजी खायला जातात. त्यात त्यांची चूक नाही, सांगणारा कोणी उभाच नसतो.

म्हणून माझं म्हणणं, म्हातारीला गाळू नका. जमलं तर तिचंच ऐका.

संत्रानगरीकर

पम्याभाऊ, एडिनबर्गला पाऊस-धुकं फुकटात मिळते. चंद्रपुरात सकाळी साडेपाचला फक्त डास मिळतात. काहीतरी मसाला लागेलच ना.

मूलचे_गुरुजी

गाईडभाऊ, भुताचं नंतर पाहू. आधी तारीख दुरुस्त करा. बाबुराव शेडमाके यांना फाशी १८५७ साली झालेली नाही, २१ ऑक्टोबर १८५८ रोजी झाली. सत्तावन्न म्हटलं की सगळं त्याच पोत्यात भरायची आपल्याला सवय लागली आहे. मी तीस वर्षं सातवीला इतिहास शिकवला, दरवर्षी किमान दहा उत्तरपत्रिकांत हीच चूक.

क्रम असा. जन्म १२ मार्च १८३३, म्हणजे फाशीच्या दिवशी वय पंचवीस. मोलमपल्लीचा हा जमीनदार पोरगा. त्याने जंगोम सेना उभी केली, मार्च १८५८ मध्ये राजगड परगणा ताब्यात घेतला, नांदगाव-घोसरीजवळ इंग्रजांच्या फौजेशी लढाई झाली. २९ एप्रिलला चिंचगुडीच्या तारखात्याच्या छावणीवर हल्ला झाला, त्यात गार्टलँड आणि हॉल हे दोन इंग्रज मारले गेले. तारखातं का, हे पाहुण्यांना नक्की सांगा. नागपूरहून किंवा हैदराबादेहून फौज मागवायची तर ती तारेवरच मागवणार. पंचवीस वर्षांच्या पोराला हे कळत होतं. तुमच्या पाहुण्यांना मोबाईलचं नेटवर्क गेलं की कसं होते, तिथून सुरुवात केलीत तर पोट्टेही मान वर करतील.

कॅप्टन क्रिक्टन तेव्हा चांद्याचा डेप्युटी कमिशनर. त्याने अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंवर दबाव आणला आणि सप्टेंबरमध्ये बाबुराव पकडले गेले. महिनाभरात खटला आणि फाशी. २००९ मध्ये टपाल खात्याने त्यांच्या नावाचं तिकीट काढलं. माझ्याकडे आहे, पण ते फेरीत दाखवायला देणार नाही, आधीच सांगतो.

हे सगळं खरं असताना तुम्हाला रडणारी बाई तयार करावी लागते, याचं मला खरं सांगू का, हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

कोलाऱ्याचा_गाईड

गुरुजी, सातवीत तुमच्या हाताखाली असतो तर मार खाल्ला असता. नऊ फेऱ्यांत नऊ वेळा चुकीचं साल सांगितलं, ती माणसं आता पुण्या-नाशकात ते चुकीचं साल सांगत फिरत असतील. तारखात्याचं माहीतच नव्हतं. उद्यापासून सांगतो.

अहेरीची_लेक

जय सेवा. मी चंद्रपूरला शिकते, घर अहेरीकडे. हा धागा मैत्रिणीने पाठवला.

एक, गाईडदादा, तुमच्या फेरीत गोंडराजे फक्त मरतात. खून होतो, मुंडकं कापतात, कैद होतात. तो परकोट, तो जटपुरा गेट, ती महाकाली कोणी बांधली हे कमानीवरचा सिंह पाहताना एका ओळीत सांगून टाकता ना? सिंह हत्तीच्या पाठीवर उभा आहे, तो राजांचा शिक्का आहे. तिथं हॉर्न वाजू द्या. दहा मिनिटं तिथं थांबा, मग मरणाच्या गोष्टींना वजन येईल.

दोन, गुरुजींनी लक्ष्मीबाईंचं लिहिलं ते बरोबर, पण हे पाहुण्यांना सांगताना "फितूर" हा शब्द फेकून पुढच्या गेटकडे चालू लागू नका. आमच्याकडे हा विषय चहाच्या टपरीवर निघत नाही. इंग्रजांनी कोणाच्या गळ्यावर सुरी ठेवून कोणाला पकडवलं, ते सांगा. तेवढा वेळ नसेल तर तो भाग सांगूच नका.

तीन, "आदिवासींचं बंड" म्हणता का? उठाव म्हणा. २१ ऑक्टोबरला त्या पिंपळाजवळ लोक अभिवादनाला येतात. तुमच्या पाहुण्यांपैकी कोणाला खरंच पाहायचं असेल तर त्या दिवशी आणा आणि तुम्ही बोलू नका. आमची माणसं सांगतील. ज्या पिंपळापुढं माझी आजी हात जोडून उभी राहते, त्याला कोणी "फाशीवाला पिंपळ" म्हणून फोटो काढला की मला तिच्याकडे पाहवत नाही.

मसन खिडकीचं मला सुचत नाही. पण ताडोबात तुम्ही तारूची गोष्ट सांगता ना? वाघाशी लढताना मेला तो. तिथं तुम्ही आवाज खाली आणून घाबरवता का?

कोलाऱ्याचा_गाईड

नाही आणत, ताई. तारूच्या झाडाजवळ आम्ही टोपी काढतो. तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलं.

एक घरचं सांगतो. माझी आजी चिमूरची. १६ ऑगस्ट १९४२ ला, नागपंचमीच्या दिवशी, ती सात-आठ वर्षांची होती. गोळीबारात बालाजी रायपूरकर पडला, लोकांनी चिडून सरकारी बंगला जाळला, अधिकारी मारले, हे ती जोरात सांगायची, हात हलवून. दर नागपंचमीला आम्ही तेच ऐकायचो. पण त्यानंतर फौज आली आणि घराघरांत शिरून बायांवर अत्याचार केले, तिथपर्यंत गोष्ट आली की ती उठायची आणि चुलीतलं लाकूड सारखं करायला जायची. चूल विझलेली असली तरी. गांधीजींच्या आश्रमातल्या भन्साळींनी त्या बायांसाठी त्रेसष्ट दिवस उपास केला हे मी मोठा झाल्यावर वाचलं, तेव्हा कळलं ती का उठायची.

मॅनेजरने चिमूरचीही फेरी काढ म्हटलं होतं. तेव्हाच नाही म्हटलं होतं मी, कारण विचारलं तर सांगता आलं नाही. स्वतःच्या आजीचं सांगवत नाही आणि दुसऱ्याच्या दारात उभं राहून रडणारी बाई तयार करतो. असा मी हुशार.

पठाणपुऱ्यातला_रहिवासी

इतके शहाणे लोक लिहून राहिले, कोणी आम्हाला विचारत नाही. मी परकोटाला टेकून राहतो, तीन पिढ्या. रविवारी सकाळी सहाला दात घासत असतो आणि वरून बारा माणसं माझ्या अंगणात पाहत असतात. एकाने विचारलं, "तुम्हाला इथं राहायला भीती नाही वाटत?" म्हटलं, वाटते, घरपट्टीची.

गाईडभाऊ, तुमची फेरी मी पाहिली आहे, निळी टोपी घालता ना तुम्ही? बोलता चांगलं. पण बारा माणसं लय होतात. आठच आणा. आणि तटावरून घरांत कॅमेरा रोखायचा नाही, हे पहिल्याच गेटवर सांगत जा. बाया आंघोळीचं पाणी तापवत असतात त्या वेळी.

कोलाऱ्याचा_गाईड

दादा, निळी टोपी माझीच. आठ मान्य.

आता पुढचं लिहितो, कारण इतक्या लोकांनी वेळ दिला. मंगळवारी पाहुणे नव्हते, रोवणी आटोपली होती. सकाळच्या एसटीने एकटाच चांद्याला गेलो. जाताना पळसाच्या पानांत बांधून सात्या (रानातली आळंबी) नेल्या. आमच्याकडे पावसाळ्यात वारुळाजवळ निघतात. दुसरं काय न्यावं सुचलं नाही. मिठाई नेली असती तर विकत घेतल्यासारखं वाटलं असतं.

म्हातारी तिथंच होती. मला ओळखलं तिने, पण दाखवलं नाही. पुडी उघडून वास घेतला आणि म्हणाली, "किती वर्सानं दिसल्या. बजारात शंभराला मूठभर देते." मग बसायला पोतं दिलं. माफी मी अर्धीच मागितली, अर्ध्यात तिने विचारलं, "कोन्या गावचा तू?" म्हटलं कोलारा. "मंग वाघ दिसत असन रोज." तिने आयुष्यात वाघ पाहिला नाही. ऐंशीच्या घरात आहे, ताडोबा इथून पन्नास किलोमीटरही नसन.

मग आपोआपच सांगायला लागली. बायांनी मसनात जायचं नाही, म्हणून बाया या खिडकीपर्यंतच यायच्या. पुढं माणसं. ती हात करून जागा दाखवत होती: इथं मी उभी होती, इथं माही जाऊ, पोरगं नेलं तेव्हा सासूनं माहा हात धरून ठेवला होता, इतका की बांगडी फुटली. मी त्या जागेवर नऊ वेळा उभा राहिलो होतो, पाहुण्यांकडे तोंड करून.

पाहुण्यांना सांगू का म्हणून विचारलं. म्हणाली, बुढ्याचं सांग, सासूचं सांग, पोराचं नको सांगू. आणि मोबाईल खिशात ठेवायला लाव. (पोराचं इथं लिहिलं ते सुरुवातीलाच लिहून बसलो होतो. तिचं नाव-पत्ता कुठं दिला नाही, तरी काढून टाकावं का, हे मॉडरेटरनी सांगावं.)

रविवारची फेरी केली. पाच माणसं आली, भुताचं काढलं म्हणून मॅनेजर नाराज आहे. जटपुऱ्याला वीस मिनिटं थांबलो, हॉर्न खाल्ले. तारखातं सांगितलं तेव्हा एका पोट्ट्याने विचारलं, "मग टॉवरच पाडला ना?" म्हटलं, तसंच समज. मसन खिडकीजवळ मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो आणि फक्त सांगितलं की बाया इथपर्यंत यायच्या. पुढं काही बोललो नाही. नाशिकच्या एका ताई तिथं जरा मागंच राहिल्या. मी हाक मारली नाही. म्हातारीचं दार उघडं होतं, पण ती बाहेर आली नाही.

आता एक कामाचं विचारतो. बिनबा ते पठाणपुरा या टप्प्यात बायांसाठी बाथरूमची सोय कुठं आहे का? सकाळी साडेसहाला सगळं बंद असते, मागच्या वेळी फार पंचाईत झाली.

पठाणपुऱ्यातला_रहिवासी

सार्वजनिक काही नाही. माझ्या घरी आणा, बायको घरीच असते. चपला बाहेर काढायच्या आणि बादली भरून ठेवायची.